लाडवांच्या डब्यातला चष्मा

माझा धाकटा भाऊ आजही चार माणसं जमली की त्या उन्हाळ्याच्या गोष्टी रंगवून सांगतो. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. "काय फिरलो आम्ही त्या साली," म्हणतो. घोडेगावची देवी, नगरजवळच्या डोंगरावरचा महाल, भंडारदऱ्याचं धरण. जीपच्या मागच्या फळीवर बसून मीठ लावून खाल्लेल्या कैऱ्या त्याला आठवतात, धरणाखालच्या बागेतलं हिरवंगार गवत आठवतं. मी नुसती मान हलवते. त्या सगळ्या ठिकाणी मीही होते, पण त्यातलं मी काहीही पाहिलेलं नाही.

मला तेव्हा साडेसात नंबर होता, आणि त्या अडीच महिन्यांत माझ्या नाकावर चष्मा नव्हता. आईने काढून घेतला होता.

गेल्या वर्षी माझा मोतीबिंदू काढला, डोळ्यात नवं भिंग बसवलं, आणि पन्नास-पंचावन्न वर्षं नाकावर बसलेला चष्मा एकदाचा गेला. नातीने विचारलं, "आजी, चष्म्याशिवाय कसं वाटतंय?" तिला म्हटलं, मला याची सवय आहे. तिला ते काही कळलं नाही. म्हणून लिहायला बसले.

तिच्याकडे दोन चष्मे आहेत, त्यातला एक कपड्यांना शोभावा म्हणून. आमच्या वेळी शेतकऱ्याच्या घरात चष्म्याची मुलगी म्हणजे पायाने अधू मुलीच्या जेमतेम एक पायरी वर. मुलाने चष्मा लावला तर तो शिकलेला आणि मुलीने लावला तर ती आंधळी. मी नगरला मामाकडे राहून कॉलेजची दोन वर्षं केली होती. भावकीतल्या बाया म्हणायच्या, पोरीने पुस्तकं वाचून डोळे घालवले. डोळे मुळातच गेलेले होते. पुस्तक नाकाला लावून वाचता येतं, म्हणून तर मी पुस्तकांच्या नादाला लागले. पण हे त्यांना कोण समजावणार.

पहिलं स्थळ घरी आलं तेव्हा मी चष्मा उतरवून ठेवला होता, पण त्यांना कुठून तरी सुगावा लागलेला होता. त्यांच्यातल्या एका म्हातारीने पिशवीतून सुई-दोरा काढून माझ्या हातात दिला. आई पांढरीफटक पडली असणार. मला ती दिसत नव्हती, पण तिच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. मी एका दमात दोरा ओवून सुई परत दिली. वीतभरावरचं मला चार जणींपेक्षा स्वच्छ दिसायचं, हे त्या म्हातारीला काय माहीत. पण ती पक्की होती. "आन् त्या क्यालिंडरावर आज कोन्ती तिथी लिवलीय गं?" तिने विचारलं. कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं, म्हणजे माझ्या लेखी दुसऱ्या तालुक्यात. मी ठोकून दिलं, अष्टमी. होती एकादशी. सगळ्यांच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी होती, ती मीच वाढली होती, तरी मला सुचलं नाही.

दुसऱ्या स्थळाच्या लोकांनी काही विचारलंच नाही. त्यांच्यातल्या बाईने माझ्या नाकावरचे दोन खळगे पाहिले आणि चहा न घेता ती मंडळी उठली. त्या दिवसापासून आई रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या नाकाला दुधाची साय चोळू लागली आणि चष्मा तिने ताब्यात घेतला. खळगे बुजायला पंधरा दिवस लागतात असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा कोणी येणार, म्हणून पुन्हा पंधरा दिवस. मी भांडले. मी तेव्हाही भांडखोरच होते. आई म्हणाली, "लगीन झाल्यावर दोन चष्मे घाल." पुढे ते कुठे, कोणासमोर आणि काय सांगून घालायचे, ते ती बोलली नाही. मला वाटतं, तिलाही माहीत नव्हतं.

तोड काढली मामाने. मामा नागापूरला एका कारखान्यात लेथवर होता आणि स्वतःला फार चतुर समजायचा. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात बोलवूच नका. घरात भिंत आली, भिंतीवर क्यालेंडर आलं. सहलीला जायचं, ती मंडळीही सहज तिथे आलेली असणार. सहलीत कोण कोणाला वाचायला लावतंय?" आणखी एक फायदा त्याने सांगितला तो मात्र खरा होता. घरी येऊन दिलेला नकार गावभर होतो. देवळात किंवा धरणावर 'सहज' भेट झाली आणि जमलं नाही, तर तो नकार धरत नाहीत. कोणी कोणाला पाहायला आलेलंच नव्हतं, मग नाकारलं कोणाला? मामाच्या एका दोस्ताची जीप होती. अशा रीतीने आमचा फिरण्याचा उन्हाळा सुरू झाला.

मी चालायची कशी, तर आईच्या जोडव्यांच्या आवाजावर. आई माझ्यापुढे दोन पावलं चालायची, आणि फरशीवर, दगडावर तिची जोडवी टक-टक वाजायची. आवाज थांबला की मी थांबायचं. दोनदा पाय आपटला की पायरी आहे. माणसांची जागा ती आधी कानात सांगायची: डावीकडून पहिला मुलाचा बाप, मग मुलगा, मग चुलता. मी पाठ करायची. परीक्षेला मी इतकं पाठांतर कधी केलं नाही.

घोडेगावच्या देवळात सगळं सुरळीत झालं असं आम्हाला वाटलं. फरशी होती, जोडवी खणखणत होती. आठ दिवसांनी निरोप आला, की मुलगी फार मिजासखोर आहे, आमची बाई तीनदा तिच्याकडे बघून हसली तर ही ढिम्म. महालाच्या डोंगरावर मी गुडघा फोडून घेतला आणि ज्यांच्यासाठी फोडला ते लोक आलेच नाहीत. भावाने तिथे करवंदं खाल्ली. त्याच्या दृष्टीने ती सहल उत्तम झाली.

मग भंडारदरा. संगमनेरकडचं घर, नदीकाठची शेती, मुलगा गावच्या शाळेत मास्तर. इथे एक गोष्ट सांगून टाकते. आधीच्या तिन्ही-चारी स्थळांचं मला काही सोयरसुतक नव्हतं, पण हे स्थळ मला हवं होतं. मामाने चौकशी केली तेव्हा मुलगा म्हणाला होता, मुलगी शिकलेली आहे ना, आमच्या शाळेत बाई मिळत नाहीत, ती शिकवेल का विचारा. माझ्याबद्दल कोणी काही विचारायला सांगितलं होतं असं हे पहिल्यांदाच. मी आठ दिवस तेवढ्या एका प्रश्नावर काढले. आणि मग लक्षात आलं, की मी हो म्हणून वर्गात उभी राहिले तर पहिल्या बाकावरचं पोरगंही मला दिसणार नाही. चष्मा घातला तर खोटं उघडं पडणार, नाही घातला तर नोकरी कशाची करणार. मी आईला म्हटलं, यांना तरी खरं सांगू. आई म्हणाली, "खरं कळून दोन गेली. हे बी घालवू व्हय?" आणि तिने चष्मा फडक्यात गुंडाळून शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवला. माझ्या हाती लागू नये म्हणून.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही धरणाखालच्या बागेत पोचलो. ती मंडळी 'सहज' आधीच येऊन बसलेली होती. "अरे वा, तुम्ही पण इकडंच?" मामा म्हणाला. "व्हय, पोरांनी धरलं, धरान बघायचं," त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं. दोन्हीकडचे सगळे हसले. आईने माझ्या कानात भराभर सांगितलं: "झाडाखाली तिघी बाया हायेत. डावीकडची मुलाची आत्या, ती विधवा हाय. मधली त्याची आई. उजवीकडची चुलती. कुंकू लावताना डावीकडची सोडायची. ध्यानात ठेव." विधवा बाईला मुलगी पाहायला कोणी नेत नसे. पण ही तर सहल होती ना, म्हणून तिला यायला मिळालं होतं. तिला धरण बघायचं होतं म्हणे. मी तिघींच्या पाया पडले. आशीर्वाद मिळाले. कोणी काही बोललं नाही, म्हणजे ठीक झालं असणार असं मी धरून चालले.

ठीक नव्हतं ते एवढंच, की तिथे गवत होतं. धरणाचं पाणी पाजून वाढवलेलं जाड, मऊ गवत. आमच्याकडे उन्हाळ्यात असं गवत कोणी पाहिलेलं नसतं. मी तर त्याचा विचारही केला नव्हता. त्याच्यावर आईची जोडवी वाजेनात. आई पुढे गेली की ती हिरव्या रंगातला एक लाल डाग होऊन जाई, आणि तिथे लाल डाग आणखीही होते.

जेवणाआधी सगळे धरणाच्या भिंतीवर गेले. तिथे दगडी रस्ता होता, जोडवी पुन्हा वाजू लागली आणि मला जरा श्वास आला. एका बाजूला पाणी असल्याचं वाऱ्यावरून कळत होतं, दुसऱ्या बाजूला खोल काहीतरी होतं. कठड्याला हात लावून चालायची सोय नव्हती, कारण तसं आंधळी चालते. मध्येच मुलगा माझ्या बरोबरीने चालू लागला. म्हणजे एक पांढरा सदरा चालू लागला. त्याचा आवाज मला आवडला. घाई नसलेला आवाज होता, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल असा.

"ते कळसूबाई," तो म्हणाला. पांढरी बाही वर झाली. मी बाहीच्या रोखाने तोंड केलं. समोर निळसर-करडं सगळं एकच होतं.

"दिसलं का टोक?"

"हो," मी म्हटलं. "किती छान."

बाही खाली आली. मग तो म्हणाला, "मामांनी विचारलं असेल तुम्हाला. शाळेचं."

"हो. मला आवडेल."

हे मात्र खरं होतं. एक खोटं आणि एक खरं एकाच आवाजात बोलले, आणि मला माझीच शिसारी आली. त्याला तिथेच सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलंही. पण पुढे आईची जोडवी थांबली होती, ती कान देऊन ऐकत होती हे मला न बघता कळलं. मी तोंड मिटलं.

खाली येऊन जेवणं झाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, त्यांच्याकडची वांग्याची भाजी. लाडवांचा डबा आईने मांडीशी घेऊन स्वतःच वाटला, तळापर्यंत कोणाचा हात जाऊ नये म्हणून. ऊन सरकलं तशी झाडाची सावलीही सरकली आणि बाया उठून दुसऱ्या बाजूला बसल्या. मी तेव्हा खरकटी ताटं गोळा करत होते. कोण कुठे बसलं हे मी पाहिलं नाही, म्हणजे पाहणार कशी, आणि आईच्याही ध्यानात आलं नाही. मग मुलाच्या बापाने पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन बागेतल्या नळाकडे गेली. जाता जाता करंडा माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "थांब, मी आल्यावर लाव."

पण मुलाची आई म्हणाली, "चला, निघायला पायजे, लांब जायाचंय." ती मंडळी उठायच्या बेतात. सवाष्णी कुंकवाशिवाय उठून गेल्या तर त्यांचा अपमान, आणि माझ्या हातात करंडा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. नळाकडे बघून उपयोग नव्हता. मी मनाशी उजळणी केली: डावीकडची सोडायची, मधली आणि उजवीकडची. गेले. डावीकडचा निळा डाग सोडला. मधल्या बाईला हळद लावली, कुंकू लावलं. मग उजवीकडे वळले. तिचा पदर कपाळापर्यंत खाली होता. मी बोटाने तो जरा मागे सारला, हळद लावली, कुंकू लावलं, आणि चांगलं रुपयाएवढं लावलं, कारण आई म्हणायची, लावायचं तर हात आखडू नये.

कोणीच बोलेना. आधी मला वाटलं सगळे माझं कौतुक बघतायत. मग पुरुषांकडची बोलणीही थांबली.

"अगं," मुलाची आई म्हणाली. आवाज चिरका झाला होता. "अगं, काय केलंस हे? इकडं सवाष्ण बाय बसलीय तिला वलांडलीस, आन् माझ्या विधवा नंदंला..." तिचं वाक्य पुरं झालं नाही.

मला कळलं. गवतावरून आई धावत आली ती मला आवाजावरून नाही, तांब्यातलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं तेव्हा कळली. मी आईकडे तोंड केलं. आता तिने एक वाक्य बोलायचं होतं. पोरीला दिसत नाही, एवढंच. ते बोललं असतं तर मी आंधळी ठरले असते. नाही बोललं तर भर माणसांत एका विधवा बाईची थट्टा करणारी अवदसा. आईचे ओठ हलले असतील. आवाज आला नाही.

"पूस गं ते," मुलाची आई आपल्या नणंदेला म्हणाली.

मग मला राग आला. आईचा आला, मामाचा आला, त्या सायीचा, त्या गवताचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण धरणावर तोंड उघडून मिटलं होतं. मी खाली बसले, गवतावर हात फिरवत लाडवांचा डबा शोधला. सगळ्यांसमोर चाचपडून शोधला. उरलेले दोन लाडू बाहेर काढले, तळातलं फडकं सोडलं आणि चष्मा घातला. काचांना तूप आणि शेंगदाण्याचा चुरा लागला होता.

"मला दिसत नाही," मी म्हटलं. "साडेसात नंबर आहे. माझ्या आईने लपवलं, मीही लपवलं."

आणि तुपाच्या काचेतून मी त्या उन्हाळ्यातलं पहिलं माणूस पाहिलं. मला वाटलं होतं आत्या म्हणजे कोणी म्हातारी असणार. ती पस्तिशीचीसुद्धा नसेल. सावळी, तरतरीत, आणि कपाळावर माझं कुंकू. तिने हात वर नेलेला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

"पुसते की," ती वहिनीला म्हणाली. "हितं पदराला कशाला डाग लावू? नळावर धुते." आणि उठून नळाकडे गेली. घाईने गेली नाही. बागेतून जावं तशी गेली.

मुलगा तेवढ्यात माझ्याकडे वळला. त्याचाही चेहरा मी तेव्हाच पाहिला; नाक जरा मोठं होतं. "मग कळसूबाई दिसलंच नव्हतं," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

"बरोबर. आज ढगात होतं. मलाही दिसत नव्हतं." एवढं बोलून तो त्यांच्या जीपकडे गेला.

परतीच्या वाटेवर आमच्या जीपमध्ये मी चष्मा काढला नाही, आणि आईने मागितला नाही. नगर येईपर्यंत मी एकेक झाड बघत होते.

मला वाटलं, संपलं. आईने तर अंथरूण धरलं. पंधरवड्याने पत्र आलं की मुलगी पसंत आहे. खाली एक ओळ जास्तीची होती: मुलीने लग्नात चष्मा घालूनच उभं राहावं, माळ दुसऱ्याच्या गळ्यात पडायला नको. ही ओळ मास्तरांची, हे मला पुढे अक्षरावरून कळलं. सासूबाई शेवटपर्यंत नाही म्हणत होत्या आणि आत्याबाईंनी भावापुढे ठाण मांडलं होतं, हेही पुढेच कळलं. "पोरीनं जानून केलं न्हाई. आन् चुकल्यावर सगळ्यांम्होरं कबूल झाली. आनखी काय पायजे तुमाला?" असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे.

मी त्या घरात गेले, त्यांच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं, चष्मा लावून. सगळं छान झालं असं म्हणायला हरकत नाही, पण ते तसं नव्हतं. दर संक्रांतीला, दर चैत्रात घरी हळदीकुंकू असलं की सासूबाई चार बायांत म्हणायच्या, "आमच्या सूनबाईला नीट बघून लावायला सांगा बरं." बाया हसायच्या. आत्याबाई त्या वेळी स्वैपाकघरात दाराआड बसलेल्या असायच्या, त्यांना ऐकू जायचं. मी एकदा सासूबाईंना म्हटलं, बघून लावते म्हणूनच तुम्हाला लावते. तीन दिवस घरात अबोला होता.

आणि आई. आई माझ्या घरी कधी जेवायला थांबली नाही. दारात यायची, चहा घ्यायची, आत्याबाई समोर आल्या की मान खाली घालायची. आपण नळावर गेलो म्हणून घडलं, आपण चष्मा लपवला म्हणून एका विधवेची विटंबना झाली, हे तिने मनात धरलं ते धरलंच. मी कितीदा सांगितलं, आत्याबाई रागावलेल्या नाहीत. "त्या चांगल्या हायेत म्हून रागवत न्हाईत," ती म्हणायची. आई गेली तोवर हे असंच चाललं.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. सत्तरी गाठली होती त्यांनी. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मी शाळेतून निवृत्त झाले होते, त्यांचं सगळं मीच करायची. एका दुपारी त्यांना पेज भरवून तोंड पुसत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"येक सांगायचं ऱ्हायलंय तुला," त्या म्हणाल्या. "भंडारदऱ्याला म्या तुजा हात येताना बघितला व्हता."

मला आधी कळेना.

"तुला दिसत न्हाई ते मला सकाळीच कळलं व्हतं. माझ्या पाया पडलीस ती बाजूला काढून ठेवलेल्या चपलांच्या पडलीस. म्या काय बोलले न्हाई. मग तू करंडा घिऊन आलीस. म्हनलं, तोंड फिरवावं. फिरवनारच व्हते. मग वाटलं, म्या मागितलं न्हाई, हिनं जानून दिलं न्हाई. पाप कुनाच्याच माथी न्हाई. येऊ दे."

खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाहेर कोणीतरी पंप सुरू केला.

"नळापत्तुर व्हतं," त्या म्हणाल्या. "पावलं मोजली व्हती. बावीस."

मला राग आला. मी खोटं लिहिणार नाही, मला आधी रागच आला. "माझी आई मेली तुमच्यापुढे मान खाली घालून," मी म्हटलं. "तीस वर्षं. एक शब्द सांगितला असता तर जेवायला थांबली असती ती."

"व्हय," त्या म्हणाल्या. "रोज म्हनायचे, सांगावं. सांगितलं तर म्या मागितलं असं झालं असतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. ते पुसायला माझा हात पुढे झाला नाही. सतराव्या वर्षी नवरा गेलेली बाई, तिला पुढच्या सगळ्या जन्मात बावीस पावलं मिळाली होती, आणि त्यांची किंमत माझ्या आईने भरली होती. यात कोणाला माफ करायचं ते मला कळत नव्हतं, आजही नीटसं कळत नाही.

मग मी उठले. देवघरातून करंडा आणला आणि त्यांच्याजवळ बसले.

"लावू का, आत्याबाई?"

त्यांनी करंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मान हलवली.

"नगं," त्या म्हणाल्या. "आता तुला दिसतंय."

मी चष्मा काढून त्यांच्या उशीशी ठेवला. उशी, चेहरा, खिडकीतलं ऊन, सगळं एक झालं. मग करंड्यात बोट बुडवलं आणि डाव्या हाताने त्यांचं कपाळ चाचपत गेले. त्यांनी तोंड फिरवलं नाही.